चौकटीतले आणि चौकटीबाहेरचे फाळके कुटुंब

रविवारची दुपार कलली, की मार्वेच्या धक्क्यावरून खाडी ओलांडून मनोरीला जाणाऱ्या बोटीत कुटुंबेच्या कुटुंबे दिसू लागतात. अवघ्या काही मिनिटांचा तो जलप्रवास. पण तेवढ्यातही मोबाइलचे कॅमेरे बाहेर निघतात. किनाऱ्यावर पोहोचल्यावर तर विचारायलाच नको! ओल्या वाळूत पाय रोवून उभ्या असलेल्या आजीला हसायला सांगितले जाते, लाटेला घाबरून पळणारा नातू नेमका टिपला जातो आणि परतीच्या बोटीतच ही छायाचित्रे गावाकडच्या नातेवाइकांपर्यंत पोहोचलेलीही असतात. छायाचित्र काढणे आता इतके सोपे झाले आहे, की त्यामागे कधीकाळी भीती होती, कर्ज होते, रात्रीची जागरणे होती, हे सहजी ध्यानात येत नाही.

ही भीती, हे कर्ज आणि ही जागरणे ज्याच्या घराने अनुभवली, त्याचे नाव मुंबईकराच्या रोजच्या वाटेवर आहे. दादर पूर्वेच्या गजबजलेल्या रस्त्याला ते नाव आहे, गोरेगावच्या चित्रनगरीला आहे आणि चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च राष्ट्रीय सन्मानालाही आहे. धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. परंतु चित्रपटाकडे वळण्यापूर्वी हा माणूस पोटासाठी लोकांची छायाचित्रे काढीत होता आणि चित्रपटाकडे वळल्यानंतर त्याचे अवघे कुटुंब कॅमेऱ्याच्या पुढे-मागे उभे राहिले, ही बाजू मात्र पुरस्कारांच्या झगमगाटात मागे पडते.

शास्त्र्यांच्या घरातला चित्रकार

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री हे संस्कृतचे व्युत्पन्न पंडित. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात अध्यापनाची संधी मिळाल्याने ते सहकुटुंब मुंबईत आले. घराण्याची परंपरा वेदविद्येची आणि पौरोहित्याची. मुलाचा ओढा मात्र रंग, कुंचला आणि नकला यांकडे. १८८५ मध्ये त्याने सर जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे थोरल्या बंधूंपाठोपाठ तो बडोद्यास गेला आणि तेथील कलाभवनात त्याला जणू आपले घरच सापडले.

सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने आणि प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांच्या दूरदृष्टीने उभे राहिलेले कलाभवन ही त्या काळातील आगळी संस्था होती. हातातील कलेला यंत्राची आणि रसायनाची जोड द्यावी, हे तिचे धोरण. चित्रकला, मूर्तिकाम, वास्तुकला अशा नाना विषयांत दादासाहेब तेथे रमले. छायाचित्रण, त्याचे रासायनिक संस्कार आणि छपाईचे ठसे बनविण्याचे तंत्रही त्यांनी आत्मसात केले. गज्जरांनी होतकरू विद्यार्थ्याला संस्थेची प्रयोगशाळा वापरू दिली. पुढे आयुष्यभर जी विद्या उपयोगी पडली, ती सारी येथे पदरात पडली.

छायाचित्रणाची कला तोवर मुंबईला नवी राहिली नव्हती. १८३९ मध्ये युरोपात तिचा जाहीर उदय झाला आणि १८५४ मध्ये मुंबईत छायाचित्रकारांची सोसायटीही स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण ही त्या प्रारंभीच्या काळातील नावे. तरीही सामान्य घरात छायाचित्र ही अपूर्वाईचीच वस्तू होती. कित्येकांच्या वाट्याला उभ्या आयुष्यात एकच छायाचित्र येई आणि तेच पुढे हार घालून भिंतीवर लागे. काचेवर चित्र उमटविण्याची ती पद्धत. उजेड सूर्याचा, म्हणून बसणाऱ्याने श्वास रोखून निश्चल राहायचे. वडीलधारे खुर्चीवर, मुले पायाशी, सुना मागे उभ्या... जुन्या समूहचित्रांतील माणसे गंभीर दिसतात, त्याचे एक कारण या सक्तीच्या निश्चलतेत आहे.

आयुष्य हिरावणारे यंत्र?

१८९५ च्या सुमारास दादासाहेबांनी छायाचित्रणाचा व्यवसाय करण्याचे ठरविले आणि गुजरातमधील गोध्रा येथे बस्तान हलविले. तोवर त्यांचा संसार सुरू झाला होता. परगावी आलेल्या या मराठी छायाचित्रकाराचा जम बसतो न बसतो तोच प्लेगने घाला घातला. १८९६ मध्ये मुंबईत शिरलेली ही साथ पाहता पाहता सर्वदूर पसरली होती. १९०० च्या सुमारास दादासाहेबांची पत्नी आणि मूल या साथीत दगावले. इतरांचे संसार चौकटीत बसवून देणाऱ्या माणसाचा स्वतःचा संसार असा उद्ध्वस्त झाला.

गोध्रा सोडून ते बडोद्यास परतले आणि पुन्हा छायाचित्रणाचे दुकान मांडले. येथे निराळेच संकट उभे राहिले. कॅमेरा माणसाच्या अंगातील शक्ती शोषून घेतो आणि त्यामुळे आयुष्य घटते, असा समज शहरात पसरला होता. गिऱ्हाईक फिरकेना. आज या समजुतीला हसणे सोपे आहे. परंतु घरोघरी माणसे पटापट दगावत असलेल्या त्या वर्षांत, चेहरा हिरावून नेणाऱ्या अनोळखी यंत्राची धास्ती वाटली, तर त्यात नवल नव्हते. ज्याने पत्नी आणि मूल गमावले, त्याच माणसावर आपले यंत्र कुणाचा जीव घेत नाही, हे लोकांना पटवून देण्याची वेळ यावी, हा मात्र दैवदुर्विलासच!

व्यवसाय चालेना, तेव्हा दादासाहेबांनी नाटक मंडळ्यांचे पडदे रंगविले. एका परदेशी जादूगाराकडून हातचलाखी शिकून घेतली आणि आडनावातील अक्षरे उलटी फिरवून प्रोफेसर केळफा या नावाने जादूचे प्रयोगही केले. प्रेक्षकाच्या डोळ्यांना फसवावे कसे, याचे धडे त्यांना या काळात मिळाले आणि पुढे पडद्यावर देव प्रकट करताना ते कामी आले.

सरस्वतीबाईंचे आगमन

१९०२ मध्ये दादासाहेबांचा दुसरा विवाह झाला. किर्लोस्कर नाटक मंडळीशी नाते असलेल्या करंदीकर कुटुंबातील कन्या सरस्वती फाळके होऊन घरात आली. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि आरेखकाची नोकरी मिळाली. काही काळ घराला स्थैर्य लाभले. पण नोकरीत रमण्याचा त्यांचा पिंड नव्हता. ती सोडून त्यांनी लोणावळ्यास ठसे आणि छपाईचा कारखाना काढला. राजा रविवर्मा यांच्या छापखान्यासाठी काम केले. पुढे हा व्यवसाय दादरला आला, लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स या नावाने नावारूपासही आला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी दादासाहेब १९०९ मध्ये जर्मनीस जाऊन आले. परंतु भागीदारांशी मतभेद झाले आणि चालता धंदा सोडून ते बाहेर पडले. वय चाळिशीचे, पदरी मुलेबाळे आणि हाताला काम नाही, अशी अवस्था झाली.

अशातच १९११ च्या ईस्टरच्या सुमारास ते थोरला मुलगा भालचंद्र याला घेऊन गिरगावातील अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये गेले. पडद्यावर चालते-फिरते प्राणी पाहून मुलगा हरखून गेला. घरी येऊन त्याने आईला ती नवलाई सांगितली. पण कुणाचाच विश्वास बसेना. मग दुसऱ्या दिवशी दादासाहेबांनी घरच्यांनाही खेळाला नेले. ईस्टरनिमित्त त्या दिवशी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट होता. तो पाहता पाहता, आपले राम-कृष्ण असे पडद्यावर केव्हा अवतरतील, या विचाराने त्यांना झपाटले. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात हा प्रसंग कोरला गेला आहे. त्याची सुरुवात मात्र एका लहान मुलाच्या बडबडीतून झाली होती.

घर हाच कारखाना

त्यानंतरचे महिने या कुटुंबाची कसोटी पाहणारे होते. दादासाहेब मिळेल तो चित्रपट पाहत, यंत्रांच्या माहितीपत्रकांचा अभ्यास करीत, रात्ररात्र जागत. या अतिश्रमाने डोळ्यांवर ताण येऊन त्यांची दृष्टी गेली. चित्रकार आणि छायाचित्रकार असलेल्या माणसावर याहून मोठा आघात कोणता असणार? सुदैवाने योग्य उपचार लाभले आणि दृष्टी परत आली. मग विम्याची पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसा उभा केला आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. तेथे चित्रपट-निर्माते सेसिल हेपवर्थ यांच्याकडे त्यांनी निर्मितीची प्रक्रिया जवळून पाहिली. विल्यमसन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र आणि कच्ची फिल्म यांची तजवीज करून दोन महिन्यांत ते परतले.

आता यंत्र होते. पैसा लावणारा कुणी नव्हता. धनिकांना विश्वास वाटावा, यासाठी दादासाहेबांनी देवादिकांची कथा निवडली नाही की भव्य देखावा उभारला नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा लावला. दाणा फुटतो, कोंब वर येतो, पाने उलगडतात, वेल चढतो... महिन्याहून अधिक काळ थोडी थोडी छायाचित्रे घेत त्यांनी ही वाढ टिपली आणि मिनिटभरात पडद्यावर उलगडून दाखविली. कुणाचेही लक्ष जाणार नाही अशा, घरातल्याच एका घटनेवर त्यांनी आपले सारे भवितव्य पणाला लावले होते. वाटाण्याच्या त्या वेलाने काम केले! कर्ज देणारे पुढे आले.

तरीही पैसा कमी पडला, तेव्हा सरस्वतीबाईंनी अंगावरचे दागिने काढून दिले. त्यांचे योगदान एवढ्यावर थांबले नाही. त्या काळी मिळणाऱ्या फिल्मच्या कडांना छिद्रे नसत. अंधाऱ्या खोलीत चाचपडत, इंच-इंच मोजून ती पाडावी लागत; जरा चूक झाली, की पडद्यावर चित्र उड्या मारणार. हे काम सरस्वतीबाई शिकल्या. रसायने कालवणे, फिल्म धुणे, सुकविणे हेही त्यांनी आत्मसात केले. दिवसा कंपनीतील सर्वांचा स्वयंपाक, कपडे धुणे-रंगविणे आणि चित्रीकरण सुरू असले की उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या चेहऱ्यावर उजेड पाडणे! रात्री पुन्हा अंधारी खोली. दादरच्या घरात स्वयंपाकघर, रसायनशाळा आणि चित्रपटाचा कारखाना यांत भिंत उरली नव्हती.

मुलगा रोहिदास, मुलगी कृष्ण

‘राजा हरिश्चंद्र’मध्ये स्त्रीभूमिकेसाठी कुणी स्त्री मिळेना. अखेर उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके तारामती झाले. राजपुत्र रोहिदासाच्या भूमिकेसाठीही मूल मिळेना. नाटकात म्हणा की पडद्यावर म्हणा, ज्याला मरायचे आहे, अशा भूमिकेसाठी आपले मूल कोण देणार? दादासाहेबांनी स्वतःच्या मुलाला, भालचंद्राला उभे केले.

त्र्यंबकेश्वरच्या चित्रीकरणाची एक आठवण सांगितली जाते. तेथे भालचंद्राच्या डोक्याला इजा झाली आणि तो बेशुद्ध पडला. काम थांबवून मुंबईस परतावे, असे बरोबरच्यांचे म्हणणे पडले. दादासाहेबांनी मुलावर उपचार केले; परंतु त्याच अवस्थेत, मृत रोहिदासाचे दृश्यही चित्रित करून घेतले. हा प्रसंग वाचताना आजच्या पालकाच्या मनात कालवाकालव झाल्याशिवाय राहत नाही. प्लेगमध्ये एक मूल गमावलेला बाप दुसऱ्या मुलाचे मरण कॅमेऱ्यातून पाहत होता. ध्येयनिष्ठा म्हणून याचे कौतुक झाले आहे. त्या ध्येयाची किंमत घरातल्या लहानग्यालाही चुकवावी लागली, हेही तितकेच खरे.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि इतिहास घडला. यशानंतर दादासाहेबांनी नाशिकला मुक्काम हलविला. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये स्त्रीभूमिका प्रथमच स्त्रियांनी केल्या आणि त्याही आई आणि मुलीने. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या, तर त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली. १९१७ च्या ‘लंकादहन’ने प्रेक्षकांना वेड लावले. १९१८ मध्ये हिंदुस्तान फिल्म कंपनी उभी राहिली आणि ‘श्रीकृष्णजन्म’, ‘कालियामर्दन’ हे चित्रपट आले. त्यांतला बाळकृष्ण होती दादासाहेबांची मुलगी मंदाकिनी.

१९१९ च्या ‘कालियामर्दन’ची सुरुवात मोठी विलक्षण आहे. कथा सुरू होण्याआधी पडद्यावर येतो तो सात वर्षांच्या मंदाकिनीचा चेहरा. एकामागून एक भाव ती चेहऱ्यावर दाखविते आणि पाहता पाहता त्या मुलीच्या जागी कृष्ण अवतरतो. प्रेक्षकांना आपल्या बालनटीचे कसब दाखवावे, हा त्यामागील व्यावहारिक हेतू. पण बडोद्यातल्या त्या दुकानाची हकिगत ठाऊक असणाऱ्याला त्यात आणखी काही दिसते. येथे एक छायाचित्रकार बाप आपल्या लेकीचे रूप टिपत आहे. देव होण्याआधी ती मुलगी म्हणून आपल्यासमोर येते. भारतीय चित्रपटातील हे एक अत्यंत जुने कौटुंबिक छायाचित्र म्हणावे लागेल आणि ते हलते, हसते, डोळे मिचकावते!

अखेरची वर्षे

यशाबरोबर आलेली लक्ष्मी फाळक्यांच्या घरात टिकली नाही. भागीदारांशी पटेना, म्हणून कंपनी सोडून दादासाहेब काशीस गेले. तेथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. पुन्हा परतले, पुन्हा चित्रपट केले. तोवर काळ बदलला होता. १९३१ मध्ये भारतीय चित्रपटाला वाचा फुटली आणि मूकपटांचे दिवस संपले. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी ‘गंगावतरण’ हा बोलपट दिग्दर्शित केला. तो त्यांचा अखेरचा चित्रपट ठरला. १९३९ मध्ये चित्रपटसृष्टीचा रौप्यमहोत्सव साजरा झाला, तेव्हा या वृद्ध पितामहाची आठवण झाली. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे दादासाहेबांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्या नावाभोवतीचे वलय जवळजवळ विरून गेले होते. मानसन्मान आले ते नंतर. १९६९ मध्ये त्यांच्या नावाने राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाला, १९७१ मध्ये टपाल तिकीट निघाले. २००९ मध्ये परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ने या कुटुंबाची धडपड नव्या पिढीपुढे आणली, सरस्वतीबाईंचे कष्ट अनेकांनी प्रथमच पाहिले ते या चित्रपटात.

टिपले, पण जपले का?

दादासाहेबांनी पंचवीस वर्षांत लहानमोठे शंभराच्या आसपास चित्रपट केले, असे मानले जाते. त्यांपैकी आज हाती आहेत ते मोजके तुकडे. त्या काळची नायट्रेट फिल्म अतिज्वालाग्राही. उष्णतेने पेटणारी, दमटपणाने कुजणारी. शिवाय खेळ संपला, की जुन्या फिल्मची किंमत कुणालाच नसे. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथील पी. के. नायर यांनी चिकाटीने फाळके यांच्या चित्रपटांचे अवशेष मिळविले, यात फाळके कुटुंबीयांचीही मदत झाली. ‘राजा हरिश्चंद्र’ची उपलब्ध रिळे मूळ चित्रपटाची नसून १९१७ मधील पुनर्निर्मितीची असावीत, असे काही अभ्यासकांचे मत आहे. ‘कालियामर्दन’ मात्र बऱ्याच प्रमाणात हाती लागला. त्यामुळेच मंदाकिनीचे सातव्या वर्षीचे हसू आजही पाहता येते.

कॅमेरा आयुष्य शोषून घेतो, असे म्हणणाऱ्या बडोदेकरांना काळाने दिलेले हे उत्तर आहे. त्या यंत्राने एका मुलीच्या बालपणाचे काही क्षण शतकाहून अधिक काळ राखून ठेवले. मात्र ते राखले गेले, ते कुणीतरी रिळे सांभाळली म्हणून. जी सांभाळली नाहीत, त्यांबरोबर कित्येक चेहरे कायमचे पुसले गेले.

आपल्या घरांतही याहून वेगळे घडत नाही. मोबाइलमध्ये हजारो छायाचित्रे साठतात आणि यंत्र बिघडले, की एका क्षणात नाहीशी होतात. जुन्या पेटीतील पिवळ्या पडलेल्या समूहचित्रात पहिल्या रांगेत बसलेले गृहस्थ कोण, हे सांगू शकणारी आजी निघून गेली, की ते चित्र मुके होते. म्हणून आजी आहे तोवर तिच्याजवळ बसून त्या चित्रांच्या मागे नावे आणि साल लिहून ठेवावे. नव्यांपैकी निवडक चार छापून घ्यावीत. खर्च फार नाही. वेळ मात्र द्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट फाळक्यांच्या घराकडून शिकण्याजोगी आहे. पडद्यावर भालचंद्र दिसतो, मंदाकिनी दिसते. चित्रपट कसे तयार करतात, हे दाखविणाऱ्या लघुपटात खुद्द दादासाहेबही काम करताना दिसतात. चित्रीकरणाच्या वेळी मात्र सरस्वतीबाई चौकटीच्या बाहेर उभ्या होत्या, उन्हात पांढरी चादर धरून. चौकटीतल्या चेहऱ्यांवर पडलेला उजेड त्यांच्या हातांतून आला होता. प्रत्येक कौटुंबिक छायाचित्रात असे कुणीतरी राहून गेलेले असते. कुणी कॅमेरा धरलेला असतो, कुणी स्वयंपाकघरात गुंतलेले असते. पुढच्या वेळी सारे कुटुंब एकत्र येईल, तेव्हा बटण दाबण्याआधी क्षणभर थांबावे आणि बाहेर राहिलेल्या त्या माणसालाही हाक मारावी.